मिशिगनची यादी आणि आपला भाबडेपणा

रुग्णालय व्यवस्थापनाच्या चर्चेत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांचं नाव निघालं की त्यामागोमाग एक ठरलेली गोष्ट येते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या या भूलतज्ज्ञाने एका कागदावर पाच ओळी लिहिल्या, तो कागद मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांत वाटला आणि दीड वर्षात पंधराशे जीव वाचले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फारसा खर्चही नाही. गोष्ट ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटाला वाटतं की हा कागद छापून घ्यावा, भिंतीवर लावावा आणि खाली सह्यांचा रकाना ठेवावा. दुसरा तट नाक मुरडतो: हात धुवा, चादर अंथरा, हे काय संशोधन झालं? तुलनेला गट नाही, आकडे ज्यांचे त्यांनीच मोजलेले, आणि अशा कामाला प्रयोगशाळेतल्या विज्ञानाच्या पंगतीत बसवायचं? हे दोन्ही तट एकमेकांचे विरोधक दिसतात, पण त्यांची चूक एकच आहे. ती यादी म्हणजेच तो प्रयोग, असं दोघांनीही धरून चाललेलं आहे. मूळ निबंध उघडला तर हे गृहीतक पहिल्या दोन पानांतच ढासळतं.

तो निबंध २८ डिसेंबर २००६ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. विषय अगदी अरुंद होता. अत्यवस्थ रुग्णाच्या मानेतल्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत जी नळी घालतात, जिला सगळे सेंट्रल लाइन म्हणतात, तिच्या वाटेने जंतू थेट रक्तात शिरतात. हा संसर्ग मोजण्याचं माप असं: अशा नळीचे रुग्णाच्या अंगात जितके दिवस गेले, त्यातल्या दर हजार दिवसांमागे किती संसर्ग झाले. मिशिगनमधल्या १०८ अतिदक्षता विभागांनी सहभागाला होकार दिला, १०३ विभागांनी आकडे दिले आणि एकूण ३,७५,७५७ नळी-दिवसांची नोंद झाली. सुरुवातीला सरासरी दर ७.७ होता. सोळा ते अठरा महिन्यांनी तो १.४ वर आला. मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांतच शून्यावर आला, म्हणजे निम्म्याहून अधिक विभागांत त्या तिमाहीत एकही संसर्ग नोंदला गेला नाही. पाच गोष्टी सांगितल्या होत्या त्या अशा: हात धुणं, नळी घालताना टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे आणि रुग्णाच्या अंगावर पूर्ण निर्जंतुक चादर, त्वचेला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, शक्य तिथे जांघेची शीर टाळणं, आणि गरज संपली की नळी काढून टाकणं. यातलं काहीही प्रोनोव्होस्ट यांनी शोधलेलं नव्हतं, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. पाचही गोष्टींना आधीच्या अभ्यासांचा आधार होता आणि त्या मार्गदर्शक सूचनांत छापलेल्याही होत्या. पंधराशे जिवांचा आकडा मात्र या निबंधात कुठेच नाही. तो नंतरच्या लेखनातून पसरलेला अंदाज आहे. निबंधाने संसर्ग मोजले होते, मृत्यू नव्हे.

मग निबंधात नवं काय होतं? पद्धतीच्या भागात ते लिहिलेलं आहे, फक्त गोष्ट सांगणारे तो भाग सोडून देतात. प्रत्येक विभागातून किमान एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी पुढारी म्हणून नेमली गेली. नळी घालण्याचं सगळं साहित्य एकाच ट्रॉलीवर ठेवलं गेलं. यादी पाळली जात नसेल आणि प्रसंग तातडीचा नसेल, तर नळी घालणाऱ्याला तिथेच थांबवायचं, असं ठरलं. ही नळी आजही हवी आहे का, हा प्रश्न रोजच्या राउंडमध्ये विचारला जाऊ लागला. संसर्गांची मोजणी त्या विभागाच्या डॉक्टरांकडे न ठेवता रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण कर्मचाऱ्यांकडे, राष्ट्रीय व्याख्येप्रमाणे, दिली गेली. ते आकडे दर महिन्याला आणि दर तिमाहीला विभागाकडे परत जात. त्याच्या जोडीला दूरध्वनीवरच्या बैठका, वर्षातून दोनदा राज्यभरातल्या चमूंचं एकत्र येणं, आणि विभागातली एकूण कामाची रीत सुधारण्याचा एक वेगळा कार्यक्रम होता. रुग्णालयाचे वरिष्ठ प्रशासक विभागांशी जोडून दिले होते, आणि त्याचा उपयोग लगेच दिसला. मिशिगनच्या एक तृतीयांशाहून कमी अतिदक्षता विभागांत क्लोरहेक्झिडिनचा साबण होता, ही गोष्ट शल्यचिकित्सक-लेखक अतुल गवांदे यांनी २००७ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये नोंदवली. जी वस्तू कपाटात नाही ती वापरा असं यादी कितीही वेळा सांगू शकते. ती मागवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो माणूस विभागात येऊन उभा राहिला, तेव्हाच ती कपाटात आली.

याच्या आधीचं हॉपकिन्समधलं काम पाहिलं तर मुद्दा आणखी उघड होतो. तिथल्या शस्त्रक्रिया अतिदक्षता विभागात परिचारिकांना सुरुवातीला फक्त पाहून नोंद करायला सांगितलं होतं. एक तृतीयांशाहून अधिक वेळा डॉक्टरांकडून किमान एक पायरी गळत होती, आणि हे जगातल्या नामांकित रुग्णालयांपैकी एकात घडत होतं. ज्ञानाचा अभाव नव्हता, पाठ्यपुस्तकातलं त्यांना सगळं येत होतं. पायरी गळते ती रात्री दोन वाजता, साहित्य निरनिराळ्या खोल्यांत विखुरलेलं असताना, समोर रुग्णाचा रक्तदाब घसरत असताना. आणि शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला चूक दिसत असूनही बोलण्याची मुभा नसते. प्रोनोव्होस्ट यांनी प्रशासनाकडून तिला ती मुभा मिळवून दिली. त्या विभागाचा संसर्गाचा दर १९९८ च्या पहिल्या तिमाहीत ११.३ होता, २००२ च्या शेवटच्या तिमाहीत तो शून्य झाला. तुलनेसाठी घेतलेल्या विभागातही दर उतरला होता, हेही हॉपकिन्सच्या कामावरच्या निबंधात लपवलेलं नाही, आणि टीकाकारांच्या हाती ते आयतं शस्त्र आहे.

ते शस्त्र नीट तपासलं पाहिजे, कारण आक्षेप पोकळ नाही. मिशिगनचा अभ्यास आधी-नंतरच्या तुलनेचा आहे. शेजारच्या राज्यांत त्याच काळात काय घडत होतं, हे त्यातून कळत नाही. इंग्लंडने २००९ पासून ‘मॅचिंग मिशिगन’ नावाने हाच प्रयोग करून पाहिला. प्रौढांच्या विभागांतला दर ३.७ वरून १.४८ वर आला. टाळ्या वाजवण्याआधी अभ्यासकांनी एक साधी गोष्ट पाहिली. विभाग टप्प्याटप्प्याने सामील झाले होते, आणि जे उशिरा आले त्यांचा दर कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच उतरलेला होता. २०१३ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की ही घसरण कार्यक्रमामुळे की काळाच्या ओघात, हे वेगळं काढता येत नाही. टीकाकार इथे थांबतात. मात्र पुढे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे अमेरिकेतल्याच ॲडव्हेंटिस्ट रुग्णालयांच्या ४५ अतिदक्षता विभागांत चिठ्ठी टाकून गट पाडून केलेली चाचणी. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, आणि ज्या गटाला कार्यक्रम आधी मिळाला त्यात दर दुसऱ्या गटापेक्षा अधिक उतरला. दुसरी म्हणजे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला २०११ चा अभ्यास. त्याने मिशिगनमधल्या वयस्क रुग्णांच्या मृत्युदराची तुलना आसपासच्या राज्यांतल्या रुग्णालयांशी केली, आणि मिशिगनची घसरण जास्त निघाली. रुग्णालयातल्या मुक्कामाचे दिवस मात्र लक्षणीय कमी झाले नाहीत, हेही त्यातच आहे. म्हणजे काळाचा ओघ होता, आणि त्याच्यावर कार्यक्रमाचा परिणामही होता. किती, याबद्दल प्रामाणिक वाद होऊ शकतो. ‘काहीच नव्हतं’ एवढं म्हणायला मात्र पुरावा नाही.

इंग्लंडच्या प्रकरणात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते निराळंच. समाजशास्त्रज्ञ मेरी डिक्सन-वूड्स आणि त्यांचे सहकारी त्या विभागांत जाऊन बसले, संसर्ग कसे मोजले जातात ते त्यांनी पाहिलं. एकाच व्याख्येखाली विभागागणिक मोजणी वेगळी होती. कुठे रक्ताची तपासणी सहज पाठवली जात होती, कुठे क्वचितच. कुठे शंकास्पद प्रकरण धरलं जाई, कुठे सोडलं जाई. यात कुणी ठरवून फसवत होतं असं नाही. शिवाय अनेक विभागांना तो कार्यक्रम वरून लादलेला वाटला, तर मिशिगनच्या मंडळींना तो आपला वाटत होता. याच डिक्सन-वूड्स यांनी २०११ मध्ये मिशिगनच्या यशाचं विश्लेषण करणारा निबंध लिहिला, आणि त्याच्या सहलेखकांत खुद्द प्रोनोव्होस्ट आहेत. त्याआधी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येही त्यांनी सहकाऱ्यांसह हेच बजावलं होतं: मिशिगनचं यश एका साध्या यादीच्या खाती टाकणं ही चूक आहे, आणि धोकादायक चूक आहे. यादीचे भक्त ज्यांच्या नावाने यादी वाटतात, ते गृहस्थ स्वतःच तिच्याविरुद्ध साक्ष देत आहेत, ही गंमत कुणाच्या फारशी लक्षात येत नाही. पंचांग भिंतीला टांगलं म्हणून लग्न लागत नाही, एवढंच ते सांगत होते.

इथे सगळ्यात कठीण आक्षेप येतो, आणि तो बहुधा दुसऱ्या तटाकडून नव्हे तर तर्कशुद्ध विचार करणाऱ्या तिऱ्हाइताकडून येतो. यश आलं तर श्रेय कार्यक्रमाला, अपयश आलं तर ‘अंमलबजावणी नीट झाली नाही’ असं म्हणायचं. असा सिद्धांत कधीच खोटा ठरू शकत नाही, आणि जो खोटा ठरू शकत नाही तो विज्ञान नव्हे. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याला उत्तर प्रत्यक्ष अपयशातूनच दिलं पाहिजे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची यादी सक्तीची झाली, आणि २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचा आढावा प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण ०.७१ टक्क्यावरून ०.६५ टक्क्यावर आलं, पण हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही; गुंतागुंती ३.८६ टक्क्यावरून ३.८२ टक्क्यावर, म्हणजे जिथल्या तिथे. याच यादीने २००९ मध्ये नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणले होते. फरक कुठे पडला? ओंटारिओत यादी भरली जाण्याचं प्रमाण रुग्णालयं स्वतःच कळवत होती आणि ते नव्वद टक्क्यांच्या वर होतं. जे मोजलं जात होतं ते कागद भरणं होतं. रुग्णाचं काय झालं हा आकडा त्या शल्यचिकित्सकाकडे आणि त्या परिचारिकेकडे परत जात नव्हता. आधी-नंतरचे तीन-तीन महिनेच तपासले, हा अभ्यासाचा दोष दाखवला गेला, आणि तो खराही आहे. पण जास्त काळ थांबून कागदाचं रूपांतर कामाच्या रीतीत आपोआप झालं असतं, असं मानायला मला तरी आधार सापडत नाही.

उत्तर प्रदेशातलं प्रकरण याहून कठोर आहे आणि माझ्या युक्तिवादाची खरी परीक्षा तिथे होते. ‘बेटरबर्थ’ या चाचणीत २४ जिल्ह्यांतली १२० सरकारी प्रसूती केंद्रं होती, निम्मी कार्यक्रमात, निम्मी तुलनेला. दीड लाखांहून अधिक बाळंतिणी. यादी २८ मुद्द्यांची. इथे नुसता कागद वाटला गेला नाही. आठ महिने प्रशिक्षक केंद्रांवर जात राहिले, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग हळूहळू कमी. परिणाम झाला, पण वागणुकीवर. दोन महिन्यांनी अत्यावश्यक पद्धती पाळण्याचं प्रमाण ७२.८ टक्के होतं, तुलनेच्या केंद्रांत ४१.७. प्रशिक्षक थांबल्यावर वर्षाच्या शेवटी ते ६१.७ आणि ४३.९ झालं, म्हणजे बरंचसं टिकलं. आणि तरीही माता-बाळांचे मृत्यू व मातांच्या गंभीर गुंतागुंती यांचा एकत्रित दर कार्यक्रमाच्या केंद्रांत १५.१ टक्के आणि इतरत्र १५.३ टक्के राहिला. फरक नसल्यातच जमा. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा यादीच्या भक्तांनी मौन धरलं आणि टीकाकारांनी ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ असा सूर लावला.

दोघांनाही पुन्हा तेच सांगावं लागतं. मिशिगनच्या पाचही पायऱ्या एका विशिष्ट संसर्गाशी, एका विशिष्ट वाटेने जोडलेल्या होत्या: त्वचेवरचे आणि हातावरचे जंतू नळीवाटे रक्तात जाऊ द्यायचे नाहीत, आणि नळी अंगात राहण्याचे दिवस कमी करायचे. साखळी छोटी, प्रत्येक कडी तपासलेली. ती पार पाडणारे डॉक्टर आणि परिचारिका प्रशिक्षित होत्या, संख्येने पुरेशा होत्या, रुग्ण विभागाबाहेर कुठे पाठवायचा नव्हता. प्रसूती केंद्रातलं मूल मात्र श्वास घेत नसेल तर त्याला वाचवायला लागतं ते हाताचं कौशल्य, बाई अडली असेल तर लागतं ते वेळेत पोचता येईल असं शस्त्रक्रियागृह, रक्तस्राव होत असेल तर लागतं ते रक्त. यादीतल्या ओळी पाळून यातलं काहीही केंद्रात उगवत नाही. म्हणजे प्रक्रिया सुधारण्याचं शास्त्र जे अगोदर अंगात आहे ते बाहेर काढतं. जे नाही ते निर्माण करत नाही. हे विधान खोटं ठरवता येण्याजोगं आहे. कार्यकारणाची साखळी तुटक असेल, कौशल्य किंवा साहित्य अपुरं असेल, थांबवण्याचा अधिकार नसेल, किंवा अंतिम परिणाम तिऱ्हाइताने मोजून कामकऱ्यांकडे परत जात नसेल, तर यादी पडेल, असं ते आधीच सांगतं. उद्या कुणी तोकड्या मनुष्यबळात, मोजणीशिवाय, नुसत्या कागदावर रुग्णांचे मृत्यू खाली आणून दाखवले, तर हा सिद्धांत मोडला असं मी मानेन. टीकाकारांनी असं उदाहरण शोधावं. ओंटारिओ आणि उत्तर प्रदेश ही ती उदाहरणं नाहीत. त्यांनी तर या भाकिताला बळच दिलं.

‘हे संशोधनच नव्हे’ या दुसऱ्या तटाच्या आवडत्या वाक्याला एक विलक्षण सरकारी इतिहासही आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या मानवी संशोधन-संरक्षण कार्यालयाने नेमकं उलट म्हटलं: हे संशोधनच आहे, म्हणून त्याला नीतिमत्ता समितीची रीतसर मान्यता आणि रुग्णांची संमती लागली असती. मिशिगनमधलं काम थांबलं. हात धुण्यासाठी रुग्णाची संमती घ्यायची का, असा उपहास तेव्हा झाला, गवांदे यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये कडक टीका केली, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कार्यालयाने माघार घेऊन काम पुढे चालू द्यायला हरकत नाही असं जाहीर केलं. उपहास रास्त होता. पण कार्यालयाचं निदान चुकलं नव्हतं, उपाय चुकला होता. पद्धतशीर गृहीतक मांडून, व्याख्या ठरवून, शंभर विभागांत मोजून, निष्कर्ष इतरांना लागू करण्यासाठी प्रसिद्ध करणं याला संशोधन नाही तर काय म्हणायचं? संमतीची कटकट टळावी म्हणून ‘हे फक्त दर्जासुधारणेचं काम आहे’ म्हणायचं आणि श्रेय घेताना ‘हे विज्ञान आहे’ म्हणायचं, ही दुटप्पी चाल या क्षेत्रातल्या मंडळींनी पुष्कळदा खेळली आहे. तिने त्यांच्याच शास्त्राची पत घसरवली. रेणूंवर काम करणारा जीवशास्त्रज्ञ जी शिस्त पाळतो तीच इथेही लागते. रेणूच्या जागी माणसांचा घोळका आहे म्हणून शिस्त सैल होत नाही, उलट मोजमाप अधिक अवघड होतं.

आता आपल्याकडचा आक्षेप. एनएबीएचचं मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांत याद्यांची कमतरता नाही, केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने २०१७ पासून सरकारी प्रसूतिगृहांतही दर्जाची तपासणी आणली. तरी उत्तर मिळतं की आपल्याकडे हे सगळं परवडत नाही, एका सिस्टरकडे किती खाटा असतात ते पाहा, मिशिगनचं सोडा. या उत्तरातला अर्धा भाग मला मान्य आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे: माणसं अपुरी असतील तर यादी छापू नका, माणसं भरा. यादी स्वस्त आहे म्हणूनच प्रशासनाला ती प्रिय असते, आणि रिकाम्या पदांवरून लक्ष उडवायला ती फार सोयीची पडते. उरलेल्या अर्ध्या भागाशी मात्र सहमत होता येत नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि शहरी खासगी रुग्णालयांत कौशल्य आहे, साहित्यही बहुधा आहे. तिथे अडतं ते अधिकारापाशी. वरिष्ठ डॉक्टरला ‘सर, थांबा, चादर पूर्ण नाही’ असं स्टाफ नर्सने म्हणणं ही आपल्या वॉर्डातल्या उतरंडीत जवळजवळ उद्धटपणाची गोष्ट समजली जाते, आणि तिच्या पाठीशी उभं राहण्याचं लेखी वचन तिला कुणी दिलेलं नसतं. त्याला पैसे लागत नाहीत. अधिष्ठात्याची सही लागते, आणि पहिली तक्रार आल्यावर ती सही मागे न घेण्याची तयारी लागते.

शेवटी राहते ती भीती: संसर्गाचे आकडे मोजले तर ते बाहेर जातील, नातेवाईक अंगावर येतील, खटले होतील. मिशिगनच्या निबंधात एकाही रुग्णालयाचा निकाल नावानिशी छापलेला नाही. आकडे विभागाला मिळत होते आणि विभागाशी जोडलेल्या प्रशासकाला कळत होते, आणि एवढ्यावरच काम झालं. आपल्याकडे निदान हे करून पाहायला कायदा आड येत नाही: नळी-दिवसांचं एक रजिस्टर, विभागप्रमुखाच्या हाताखाली नसलेली एक संसर्ग-नियंत्रण परिचारिका, आणि महिन्यातून एकदा तो आकडा ऐकायला त्या विभागात येऊन बसणारा असा अधिकारी, ज्याच्या सहीवाचून क्लोरहेक्झिडिनची खरेदी अडते.